वही कोणाच्या हातात?

आमच्या भंडारा जिल्ह्यात विडी वळणाऱ्या बाईला एक गोष्ट शाळेत न जाता समजली होती. विडी वळायची तिनं, मोजायची ठेकेदारानं. मोजता मोजता मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडायच्या. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत आणि ती विडीही परत मिळायची नाही. ज्याच्या हातात वही, त्याचाच धंदा.

आज तिचा नातू गाणं गातो. दिवाळीनंतर साकोली-लाखांदूरकडच्या मंडईत गातो, चौदा एप्रिलच्या स्टेजवर गातो, लग्नाच्या मांडवात गातो. उसने पैसे काढून त्यानं नागपुरात रेकॉर्डिंग केलं. आता विचारतो, ‘भाऊ, गाणं स्पॉटिफायवर चढवायचं, तर कोणाकडून चढवू?’ दोस्तांनो, हा प्रश्न मोबाईलचा वाटतो. खरा तो विडीचाच आहे.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक यांसारखी दुकानं सहसा एकट्यादुकट्या गायकाकडून सरळ माल घेत नाहीत. मध्ये एक वितरक लागतो. तो गाणं घेतो, त्याला आयएसआरसी नावाचा ओळख नंबर लावतो, सगळ्या दुकानांत पाठवतो, पैसे गोळा करतो आणि आपला वाटा काढून उरलेले तुला देतो. म्हणजे पुन्हा मधला माणूस! अंगावर काटा येतो ना? यायलाच पाहिजे. पण सगळे मधले सारखे नसतात, ते ओळखायला शिका.

डिस्ट्रोकिड वर्षाचं भाडं घेतं, रॉयल्टीत वाटा मागत नाही. पण भाडं थकलं की गाणी दुकानातून उतरू शकतात. कायम ठेवायची तर गाण्यामागे वेगळे पैसे. सीडी बेबी एकदाच फी घेते आणि मिळकतीतून ९ टक्के कापते. राउटनोट फुकट चढवते आणि १५ टक्के ठेवते. वर्षाला दहा गाणी काढणाऱ्याला भाडं परवडतं. दोनच गाणी, पण ती टिकावीत असं वाटणाऱ्यानं एकदाच फी भरावी. खिसा रिकामा असेल त्यानं टक्केवारी द्यावी. इथं निदान वही तुला उघडून बघता येते, आणि गाणं काढून दुसरीकडे नेता येतं.

खरा धोका चौथ्याचा. तो म्हणतो, ‘व्हिडिओ आम्ही करतो, पैसा आम्ही लावतो, तू फक्त सही कर.’ आणि कागदावर बारीक अक्षरात असतं, ‘कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत.’ मग तुझ्याच गाण्याचा तुझाच व्हिडिओ तू यूट्यूबवर टाकलास, तर दावा त्या कंपनीचा लागतो आणि जाहिरातीचे पैसे तिच्याकडे जातात. गळा तुझा, गल्ला तिचा!

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेत सॉलोमन लिंडा नावाचा झुलू गायक होता. रेकॉर्ड कंपनीत पॅकिंगचं काम करायचा. १९३९ साली त्यानं ‘म्बुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं आणि हक्क दहा शिलिंगला गेले. गाणं जगभर फिरलं, १९९४ च्या ‘लायन किंग’ सिनेमात वाजलं. लिंडा १९६२ साली गरिबीतच मेला. त्याच्या मुलींना तडजोडीत हक्काचा वाटा मिळायला २००६ साल उजाडलं. आज आफ्रिकेतली पोरंही मोबाईलवरून गाणं चढवताना हाच प्रश्न विचारतात : वितरक कोणता? दहा शिलिंगचा धडा त्यांनी घेतलाय, आपण कधी घेणार?

कायदा थोडाफार आपल्या बाजूला आहे, पण तो वाचावा लागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनंच. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखला. तो वारसाला किंवा आयपीआरएससारख्या संस्थेलाच देता येतो, कंपनीला नाही. आणि हा पैसा वितरकाच्या खात्यातून आपोआप येत नाही, त्यासाठी त्या संस्थेचं सभासद व्हावं लागतं.

आता थोडं स्वतःकडेही बघू. सिनेमाच्या चालीवर भीमगीत बांधायचं आणि फॉर्मवर ‘चाल माझी’ असं ठोकायचं, हे बंद करा. दावा आला की गाणं जातं, कधी खातंही जातं. असं गाणं स्टेजवर गा, दुकानात स्वतःची चाल पाठवा. दुसऱ्याचं गीत गाताना त्याचं नाव गिळणारे आपल्यातच आहेत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कायद्यानं त्यांच्या रचनांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत चालतो. दादांचा फोटो स्टेजवर लावायचा आणि खात्यात नाव स्वतःचं घालायचं? मग ठेकेदारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

पैशाचं खोटं स्वप्नही कोणी दाखवू नये. स्पॉटिफायवर २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा पैसा मिळत नाही. वस्तीतली कित्येक गाणी त्या उंबऱ्याच्या बाहेरच राहतील. म्हणजे इथंही छाट आहेच! तरीही चढवा, स्वतःच्या नावानं चढवा. उद्या गाणं चाललंच, तर मालक कोण याचा पुरावा आजच तयार पाहिजे.

म्हणून एवढं करा. खातं स्वतःच्या ई-मेलवर उघडा, स्टुडिओवाल्याच्या नाही. पासवर्ड आणि बँक खातं आपलंच. रेकॉर्डिंगचे पैसे दिल्याची पावती घ्या, आणि मालकी आपली असल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या. प्रत्येक मंडळानं एक वही घालावी : गाणं कोणाचं, चाल कोणाची, गायलं कोणी, ढोलक-पेटी कोणाची, वाटा किती, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. ढोलकवाल्याची सही राहिली तर वही खोटी समजा.

आजीला ठेकेदाराची वही वाचता येत नव्हती. तुला येते. सही करायच्या आधी वाच.