जुन्या डिझेलचा नवा धनी

धान विकला, चुकारा खात्यात जमा झाला, की चौरास पट्ट्यातल्या घरांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गाडीचा. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आसगावसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला नागपूरचा दवाखाना, भंडाऱ्याची कचेरी, मुलांचे कॉलेज, सोयऱ्यांची लग्ने हे सगळे एसटीच्या वेळापत्रकावर सोडून भागत नाही. नवी गाडी आवाक्याबाहेरची असते. मग कुणीतरी दोन-अडीच लाखांची जुनी डिझेल हॅचबॅक सुचवतो. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, फिगो, पोलो, आय-ट्वेंटी यांपैकी एखादी. ‘भाऊ, डॉक्टरची गाडी आहे, एकहाती वापरलेली, अ‍ॅव्हरेज बावीसचा,’ असे एक वाक्य पुढे येते आणि व्यवहार निम्मा पक्का होतो.

या गाड्या एवढ्या स्वस्त का झाल्या, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. जुनी वस्तू स्वस्त मिळते तेव्हा किमतीतून वजा झालेली रक्कम नाहीशी झालेली नसते. बहुतेक वेळा ती पुढच्या खर्चाच्या रूपाने त्या वस्तूतच दडलेली असते. डिझेल हॅचबॅकच्या बाबतीत तर हे सारे सरकारी धोरणांनी घडवलेले आहे आणि त्या धोरणांचे शेवटचे टोक आता आपल्या अंगणात येऊन उभे राहिले आहे.

मागचा हिशेब थोडक्यात पाहू. टाटांची इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली आणि लहान डिझेल मोटार ही कल्पना मध्यमवर्गाच्या घरात शिरली. २००७ मध्ये मारुतीने स्विफ्टमध्ये १.३ लिटरचे डिझेल इंजिन बसवले. हे इंजिन मूळचे फियाटचे, मल्टिजेट. तेच पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून टाटांच्या गाड्यांनाही मिळाले. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर खुले केले, डिझेलचे मात्र धरून ठेवले. मे २०१२ मध्ये दिल्लीत या दोन इंधनांच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांहून अधिक अंतर होते. रोज शंभर किलोमीटर धावणारा माणूस त्या काळात पेट्रोलची गाडी घेईल कशाला? डिझेल गाड्यांसाठी रांगा लागल्या.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दरही खुले झाले आणि ते अंतर आटत गेले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. लहान डिझेल इंजिन त्या निकषांत बसवणे इतके खर्चिक ठरले, की मारुतीने एप्रिल २०१९ मध्येच डिझेल बंद करण्याची घोषणा केली होती. इतरांनीही हळूहळू हात आखडता घेतला. नव्या डिझेल हॅचबॅकमध्ये टाटांची अल्ट्रोझ तेवढी तग धरून राहिली. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. लहान डिझेल गाडीवर आधी उपकरासह ३१ टक्के लागत होते. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप उतरतो.

दिल्लीचे प्रकरण वेगळेच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला आवर घातला, पण डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच राखले. हा नियम भंडाऱ्याला लागू नाही. पण तिकडे ज्या गाडीला रस्ता उरत नाही, ती ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात विकायला निघते आणि जिथे नियम सैल तिथे थांबते.

याचा अर्थ असा, की स्वस्त डिझेलचा फायदा पहिल्या मालकाने उपभोगला. त्याने गाडी भरपूर पळवली, वाचलेला पैसा खिशात घातला आणि ऐन दुरुस्तीच्या वयात ती विकून टाकली. तिसरा किंवा चौथा मालक जो येतो, त्याच्या वाट्याला इंधनाच्या दरातले ते अंतर येत नाही. इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांची बिले तेवढी येतात.

आकडेच मांडून पाहू. हिशेबापुरते पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरा. पेट्रोलची गाडी लिटरला १७ किलोमीटर जाते आणि डिझेलची २१, असेही धरा. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्याचे डिझेलमुळे साधारण २६ हजार सातशे रुपये वाचतील. पण खेड्यातल्या घरची गाडी एवढी धावत नाही. आठवड्याला एक पवनी, महिन्याला एक नागपूर, मोसमात चार लग्ने, अशी ती वर्षाला सहा हजारांच्या आत-बाहेर जाते. तिथे बचत उरते पावणेअकरा हजारांची. एक इंजेक्टर बदलला की ती संपते आणि टर्बो गेला तर दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. तेव्हा पहिला प्रश्न आपण वर्षाला किती फिरतो हा असावा. उत्तर दहा हजारांच्या खाली असेल तर धडधाकट जुनी पेट्रोल गाडी अधिक शहाणपणाची.

ज्यांचे फिरणे खरोखर जास्त आहे, म्हणजे दूधसंकलन, औषधांची विक्री, रोज तालुक्याला जाणारी नोकरी, त्यांनी डिझेल जरूर पाहावी. पण बैलबाजारात आपण जसे पाहतो तसे पाहावे. तिथे कुणी बैलाच्या शिंगांना लावलेला रंग बघून पैसे मोजत नाही. दात पाहतो, चालवतो, जुंपून बघतो. गाडीच्या वेळी मात्र नवे सीट कव्हर आणि चकचकीत पॉलिश बघून मान डोलावतो.

गाडी थंड असताना पाहावी. जाण्याआधीच विकणाऱ्याने ती सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात सुरू व्हायला हवे. धूर नीट बघावा. रेस दिल्यावर काळ्या धुराचा लोट येत राहिला तर इंजेक्टर, हवेचा मार्ग किंवा ईजीआर व्हॉल्व्ह तपासावा लागेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, दोष रिंगांचा किंवा टर्बोचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. फकफक करीत वाफ बाहेर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे आतून झिजले आहे. झाकणाच्या आत दुधाळ कॉफीसारखा चिकटा दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी आणि मेकॅनिकने खात्री करेपर्यंत पैशाची बोलणी थांबवावी.

मग गाडी चालवून पाहावी, तीही चार माणसे बसवून. दोन हजार आरपीएमच्या सुमाराला टर्बो गाडीला पुढे ढकलतो. तो जोर जाणवला नाही किंवा शिट्टीसारखा आवाज वाढत गेला, तर खर्च आहे असे समजावे. वरच्या गियरमध्ये एकदम रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपला. खड्ड्यातून जाताना पुढून ठकठक आली तर लोअर आर्म आणि बुशचे काम. मल्टिजेटमध्ये टायमिंगची साखळी असते, तिचा खडखडाट थंड इंजिनात ऐकू येतो. पोलोच्या डिझेलमध्ये पट्टा असतो. तो केव्हा बदलला याचे बिल मागावे, कारण तुटला तर इंजिनच उघडावे लागते. बीएस-६ डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला लांबचा, सलग प्रवास लागतो. रोज पाच-सहा किलोमीटर बाजारापर्यंत जाणाऱ्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी थोडा तर्क करावा. ज्याने २०१२ मध्ये जास्त पैसे मोजून डिझेल गाडी घेतली, त्याने ती फिरण्यासाठीच घेतली असणार. तेरा-चौदा वर्षांच्या डिझेल गाडीच्या काट्यावर ६० हजारच दिसत असतील, तर तो आकडा कौतुकाचा नाही, संशयाचा आहे. पेडलचे झिजलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि सर्व्हिसची जुनी बिले खोटे बोलत नाहीत.

आपल्या भागात आणखी एक तपासणी आवश्यक आहे, ती पुराच्या पाण्याची. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा-पवनीकडे हाहाकार केला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि उभ्या मोटारी बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून देखणी करता येते, पण वायरिंग पुढे वर्षभर दगा देत राहते. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्यावर चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर आणि स्टेपनीच्या खळग्यात गंज असेल तर कारण विचारावे.

आता कागद. एकरभर जमीन घेताना आपण सातबारा, फेरफार, इतर हक्कातला बोजा, सगळे काढून बघतो. गाडीचे आरसी बुक हा तिचा सातबाराच. त्यावर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असतो, त्याला हायपोथिकेशन म्हणतात. कर्ज फिटले एवढ्याने तो उतरत नाही. बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आरटीओत उतरवावा लागतो. बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे हाताळताना मी हे पुष्कळदा पाहिले. गाडी तीन हात फिरलेली असायची आणि नोंद मात्र पहिल्याच कर्जदाराची. परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा आता घरबसल्या दिसतो. थकलेली ई-चलनेही ऑनलाइन पाहता येतात.

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी भंडाऱ्याच्या, म्हणजे एमएच-३६ च्या बाहेरची असेल तर ना-हरकतीचा फॉर्म २८ सुद्धा. परराज्यातली असेल तर तिच्या वयानुसार इथला एकरकमी कर भरावा लागतो आणि तिथेच स्वस्ताई संपते. विकणाऱ्यानेही कोऱ्या फॉर्मवर सह्या करून मोकळे होऊ नये. नोंदणी ज्याच्या नावे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी चार हात पुढे गेली तरी नोटीस पहिल्याच्या दारी येते.

वयाकडेही लक्ष असावे. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली आहे आणि पर्यावरण कर वेगळा. किंमत ठरवताना हा खर्च वजा करूनच बोलावे.

शेवटी एक सूचना. नोंदणी, कर, धूर यांसाठी सरकारकडे यंत्रणा आहे, पण घेणाऱ्याला ‘ही गाडी घेण्यासारखी आहे का’ हे सांगणारे तालुक्याला कुणी नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतो. ठरावीक फी घेऊन तिथल्या शिक्षकांनी आणि मुलांनी जुन्या गाड्या तपासून लेखी अहवाल दिला, तर मुलांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि धानाचा चुकारा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला चौथ्या माणसाचे निःपक्ष मत मिळेल. तोवर विश्वासातल्या मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्यावे. आणि त्याने ‘नको’ म्हटले तर इसार न देता परत यावे.