पूल नको असलेले बेट

अमेरिकेतील मायामी शहराच्या किनाऱ्यालगत फिशर आयलंड नावाचे दोनशेहून थोड्या अधिक एकरांचे एक बेट आहे. तेथे आलिशान सदनिकांच्या इमारती आहेत, गोल्फचे मैदान आहे, खाजगी नौकांसाठी धक्का आहे. नाही तो एक पूल. फेरीबोट किंवा नौका हाच येण्याजाण्याचा नित्याचा मार्ग, आणि तोही परवानगी असलेल्यांसाठी. शहरापासूनचे हे अंतर अवघ्या काही मिनिटांचे. परंतु तेवढ्या अंतरासाठी तेथील धनिक दशलक्षावधी डॉलर मोजतात.

हे बेट निसर्गाने निर्मिले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९०५ साली बंदरात जहाजे यावीत म्हणून सरकारने कालवा खोदला आणि जमिनीचे टोक तुटून निराळे झाले. म्हणजे आजचा खाजगी एकांत हे सार्वजनिक कामाचे अपत्य होय. पुढे १९१८ च्या सुमारास डी. ए. डॉर्सी या कृष्णवर्णीय उद्योगपतीने तेथे जमीन घेतली. वर्णभेदामुळे ज्यांना समुद्रकिनारे बंद होते, त्या आपल्या बांधवांसाठी विश्रामस्थान उभारावे, हा त्याचा हेतू. तो सिद्धीस गेला नाही. जमीन कार्ल फिशर यांच्याकडे गेली. १९२५ साली व्हँडरबिल्ट घराण्यातील एका धनिकाने आपली नौका देऊन त्यांच्याकडून तेथील जागा घेतली. बहिष्कृतांसाठी योजिलेली भूमी अखेर इतरांना दूर ठेवण्याची भूमी झाली!

शांतता आणि सुरक्षितता यांची इच्छा धरणे हा अपराध आहे, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. संपन्न माणूस शहरातून अंग काढून घेतो, तेव्हा शहराच्या दुखण्याशीही त्याचा संबंध उरत नाही. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या चाचण्या सामान्यांस दुर्मिळ असताना या बेटाने आपल्या रहिवाशांसाठी व कामगारांसाठी रक्तचाचण्या विकत घेतल्या. यात बेकायदा काही नव्हते. पण सार्वजनिक आरोग्यव्यवस्था सुधारावी ही निकड ज्यांना आवाज आहे त्यांनाच वाटेनाशी झाली, तर ती व्हावी कशी?

आणि हा एकांत तरी खरा आहे काय? स्वयंपाकी, माळी, पहारेकरी रोज फेरीबोटीने येतात, तेव्हा बेटाचा दिवस सुरू होतो. ज्या शहराकडे पाठ फिरवायची, त्याच्याच हातांवर जगायचे, असा हा प्रकार आहे. चढत्या समुद्राची चिंता मायामीला आज भेडसावीत आहे. भरती काही पहारेकऱ्याला परवाना दाखवून आत येत नाही.

आमची मुंबई नेमकी उलट रीतीने घडली. सात बेटे भराव घालून जोडली, तेव्हा हे शहर झाले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात माहीमची खाडी लोकांनी सुखरूप ओलांडावी म्हणून लेडी अवाबाई जमशेटजी यांनी स्वतःच्या पैशाने पूलमार्ग बांधविला. धन तेच; एकाने त्यातून वाट निर्माण केली, दुसऱ्याने अंतर विकत घेतले. आज आमच्याही शहरात फाटकांआड स्वतंत्र पाणी, स्वतंत्र वीज, स्वतंत्र बाग असलेली संकुले वाढत आहेत, आणि मध्यमवर्गालाही त्यांचा मोह पडतो. त्या फाटकातून आत शिरताना आपण घर घेत आहोत की शहर सोडीत आहोत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस अवश्य विचारावा.