चालण्याचे औषध कोण देणार?

दम लागणाऱ्या माणसाला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो विश्रांतीचा. सून हातातली घागर काढून घेते, मुलगा शेताकडे फिरकू देत नाही, शेजारी जिना चढताना पाहून हळहळतात. या साऱ्यामागे माया असते. पण फुफ्फुसाच्या जुनाट विकारात हीच माया रुग्णाला हळूहळू खाटेला खिळवते. धाप लागते म्हणून चालणे कमी होते, चालणे कमी झाल्याने मांड्यांचे स्नायू वाळतात आणि वाळलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी अधिक श्वास लागतो. दोन वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळापर्यंत जाणारा माणूस मग अंगणापर्यंतच जातो. पुढे पुढे अंघोळ करतानाही त्याला मध्येच टेकावे लागते.

वैद्यकशास्त्रालाही ही गोष्ट उशिरा उमगली. एकेकाळी डॉक्टरही अशा रुग्णांना श्रम टाळण्यास सांगत. १९५२ मध्ये अमेरिकेतील डॉ. अल्वान बराक यांनी प्राणवायूच्या साह्याने चालणाऱ्या रुग्णांची ताकद वाढत असल्याचे नोंदवले आणि १९६० च्या दशकात डेन्व्हरच्या डॉ. थॉमस पेटी यांनी त्याला उपचारपद्धतीचे रूप दिले. आज ती 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन', म्हणजे श्वसन-पुनर्वसन, या नावाने ओळखली जाते. सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा देखरेखीखाली चालणे, सायकल, हातापायांच्या स्नायूंचा व्यायाम, ओठ आवळून श्वास सोडण्याची सवय आणि आजाराविषयीचे शिक्षण, असे तिचे साधे स्वरूप आहे. तिने फुफ्फुस दुरुस्त होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. फुंकर मारून करण्याच्या स्पायरोमेट्री चाचणीतला आकडा व्यायामानंतरही जवळपास तोच राहतो. सुधारतात ते पाय, आणि कमी होते ती धाप लागण्याची भीती.

या उपचाराविषयी आता शंका घेण्यास फारशी जागा उरलेली नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये ६५ चाचण्यांतील ३८२२ रुग्णांचा आढावा घेतला. निष्कर्ष इतके स्पष्ट होते, की नेहमीच्या औषधोपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, अशी भूमिका घेऊन तो आढावा बंद करण्यात आला. वैद्यकीय संशोधनात 'आता पुरे' असे म्हणण्याचा प्रसंग विरळाच. तरीही उपचार पोहोचतो किती जणांपर्यंत? अमेरिकेतील मेडिकेअर योजनेखालील १ लाख ९७ हजारांवर रुग्णांच्या नोंदी २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. रुग्णालयातून घरी गेल्यानंतर तीन महिन्यांत हा व्यायाम सुरू करणारे होते अवघे दीड टक्का. वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण त्यांच्यात ७.३ टक्के, तर इतरांत १९.६ टक्के आढळले. व्यायामाला येऊ शकणारे रुग्ण मुळातच थोडे धडधाकट असणार, हे त्यातून वजा करावे लागते. पण वजाबाकीनंतरही फरक उरतोच.

श्रीमंत देशाची ही कथा, तर भारताचे काय? देशात सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकुंचन पावण्याच्या आजाराचे रुग्ण १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ मध्ये ५ कोटी ५३ लाखांवर गेले, असा राज्यनिहाय आजारभाराचा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. या आजाराने होणाऱ्या आरोग्यहानीत सुमारे ५४ टक्के वाटा प्रदूषित हवेचा आणि सुमारे २५ टक्के तंबाखूचा आहे. 'विडी ओढणाऱ्यांचा रोग' ही समजूत त्यामुळे आपल्याकडे तोकडी पडते. गोवऱ्या, पऱ्हाटी, तुराट्यांच्या धुरात आयुष्य काढलेली, विडीला कधी हात न लावलेली बाई हीदेखील या रोगाची रुग्ण आहे. बहुतेक वेळा तिच्या आजाराला घरात नुसते 'दमा' म्हणतात किंवा 'वयाचे दुखणे'. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅस घरात आला. पण पुढची टाकी भरण्याचे पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, आणि आधीच झालेले नुकसान गॅसने भरून येत नाही.

हा प्रश्न अहमदनगर जिल्ह्यात, २०२४ पासूनच्या अहिल्यानगरात, तपासून पाहण्याजोगा आहे. कारण उपचाराचे ज्ञान आणि ते गावात नेण्याचा अनुभव, ही दोन्ही या एकाच जिल्ह्यात नांदतात. लोणीच्या प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम भौतिकोपचार महाविद्यालय आहे. नगर शहराजवळ विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे दुसरे. श्वसनविकाराच्या रुग्णाला व्यायाम कसा द्यावा, हे या अभ्यासक्रमात शिकवले जाते. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे मोजण्यासाठी तीस मीटरचा सपाट व्हरांडा पुरतो आणि त्यात तीसेक मीटरची भर पडली तरी रुग्णाला फरक जाणवतो. म्हणजे यंत्रसामग्रीचा प्रश्न नाही.

प्रश्न अंतराचा आहे. नगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार. जामखेडहून लोणी सव्वाशे किलोमीटरहून दूर. ज्याला अंगण ओलांडताना धाप लागते त्याने आठवड्यातून दोनदा, दोन महिने एसटीने यावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. त्यात सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर हंगामाचे महिने कुटुंबातली धडधाकट माणसेच गावात नसतात. मागे राहतात ती म्हातारी, आणि त्यांच्यातच हे रुग्ण.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती अधिक चिवट. इन्हेलर चिठ्ठीवर लिहिता येतो, दुकानात मिळतो, त्याची जाहिरात होते. चालण्याचा व्यायाम विकणारी कंपनी नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांची रचना रुग्णालयात दाखल होऊन घेण्याच्या उपचारांभोवती आहे; दोन महिने घरून येऊन व्यायाम करणारा रुग्ण त्या चौकटीत सहजी बसत नाही. धाप वाढून तो अत्यवस्थ झाला की मात्र खाट, प्राणवायू आणि अतिदक्षता विभागाचा खर्च उभा राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात भौतिकोपचार तज्ज्ञाचे पद नाही, आणि शिकून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला खेड्यात थांबण्याचे कारणही कोणी देत नाही.

यावर वाट सुचवणारा अनुभव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अल्पशिक्षित, अनेकदा निरक्षर अशा गावातल्याच बायकांना त्यांनी बाळंतपण, कुपोषण, क्षयरोग, कुष्ठरोग हाताळण्यास शिकवले. डॉक्टरांच्या हातातले ज्ञान असे वाटता येते, हे तेव्हा अनेकांना धाडसाचे वाटले होते. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे आरोग्य कार्यकर्ते जामखेडला शिकायला येऊ लागले. कुष्ठरुग्णाच्या जखमेची काळजी घेणे जी शिकू शकली, तिला खुर्चीवरून दहा वेळा उठबस करवून घेणे, वाळू भरलेल्या बाटल्यांनी दंडाचा व्यायाम करवणे आणि वहीत पावले टिपणे अवघड जाईल, असे मानण्याचे कारण नाही.

हे निव्वळ आशावादाचे बोलणे नव्हे. ऑस्ट्रेलियातील १६६ रुग्णांवरील चाचणीत, जी २०१७ मध्ये 'थोरॅक्स'मध्ये प्रसिद्ध झाली, भौतिकोपचार तज्ज्ञाची घरी एकच भेट आणि नंतर सात आठवडे दर आठवड्याला एक दूरध्वनी, एवढ्यावर घरच्या व्यायामाने केंद्रातल्या व्यायामाइतका गुण दिला. लेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१७ पासून चाललेल्या 'ग्लोबल रिचार्ज' प्रकल्पात युगांडा, किर्गिझस्तान, श्रीलंका यांच्यासह भारतातही, आणि आपल्या शेजारच्या पुण्यात, स्थानिक परिस्थितीला मानवेल असे पुनर्वसन कसे असावे याचा शोध घेतला गेला. अर्थात ऑस्ट्रेलियात त्या घरी पोहोचणारा तज्ज्ञ पदवीधर होता, आणि दूरध्वनीपलीकडचा रुग्ण वाचू-लिहू शकत होता, हे विसरून चालणार नाही. पहिली तपासणी, हृदयविकार वा क्षयरोग नाही याची खात्री आणि व्यायामाची मात्रा ठरवणे हे डॉक्टर आणि भौतिकोपचार तज्ज्ञाकडेच राहिले पाहिजे. चालताना रक्तातील प्राणवायू ८८ टक्क्यांच्या खाली गेला तर थांबायचे, हे मात्र गावातल्या कोणालाही शिकवता येते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी फिरलेल्या पथकांनी ऑक्सिमीटर हाताळलेलाच आहे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'आशा सेविका आहेतच की'. ते सोपे आहे, म्हणूनच सावधपणे घ्यावे लागते. कामागणिक मोबदल्यावर राबणाऱ्या या स्त्रियांना मानधनासाठी वारंवार संपावर जावे लागले आहे. त्यांच्या यादीत आणखी एक फुकटचे काम घातले तर व्यायाम वहीतच होईल, रुग्णाच्या अंगणात होणार नाही. आठ आठवड्यांच्या प्रत्येक रुग्णामागे ठरलेला मोबदला, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस बसणारा भौतिकोपचार तज्ज्ञ आणि दोन्ही महाविद्यालयांतील आंतरवासिता करणाऱ्या विद्यार्थ्यांची तेथे पाळी, एवढी व्यवस्था आधी लागेल. एका तालुक्यात ती दोन वर्षे चालवून, रुग्णालयात दाखल होण्याच्या खेपा किती घटल्या हे मोजले, तर जनआरोग्य योजनेच्या कर्त्यांपुढे ठेवायला आकडा तरी हाती येईल.

सरकारी दप्तरात याची अर्धी तयारी झालेली आहे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा सेविका घरोघरी जो अर्ज भरतात, त्यात धाप आणि खोकल्याची विचारणा असते, घरात स्वयंपाकाला कोणते इंधन वापरतात हेही विचारले जाते. 'चूल' हे उत्तर लिहिले जाते. पाथर्डीच्या कुठल्याशा वाडीत ते लिहून झाल्यावर म्हातारीला पुढे काय करायचे, याचा रकाना त्या अर्जात नाही.