चढणीचे मासे धरू नयेत

मे महिन्याच्या सुट्टीत मी आईबरोबर मामाच्या गावी गेलो होतो. मामाचे गाव डिंभे धरणाच्या काठावर आहे. आपल्या कळंबची घोड नदी तिकडूनच येते. धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळ गावचे होते. जुने आंबेगाव याच पाण्यात बुडाले. मे महिन्यात पाणी आटते आणि काठाला भेगाळलेला चिखल दिसतो. त्यावरून चालताना मला मजा वाटली.

मामा संध्याकाळी ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात जातात व जाळे लावून येतात. पहाटे उजाडायच्या आत आम्ही सगळे काठावर गेलो. मामी टोपली घेऊन आल्या होत्या. जाळ्यात रोहू, कटला आणि चिलापी होते. मामांच्या जाळ्याची भोके मोठी आहेत. माझी चार बोटे त्यातून आरपार जातात. तरी एक लहान रोहू अडकला होता. मामांनी तो हळूच सोडवला आणि पाण्यात टाकला. मी म्हणालो, "मामा, का सोडला?" मामा म्हणाले, "अरे, एवढ्याशा माशात काय खाणार? पुढच्या सुट्टीत ये, तेव्हा तो किलोचा झाला असेल." मरळ पिलांची राखण करत असेल तर मामा तिलाही धरत नाहीत. आई गेली तर पिलांना दुसरे मासे खाऊन टाकतात.

मग जून महिन्यात शाळा सुरू झाली. मृगाचा मोठा पाऊस पडला आणि ओढ्याला पहिला पूर आला. मासे अंडी घालायला नदीतून वर ओढ्यात चढले. लगेच सगळे जण पळाले. कुणी मच्छरदाणी लावली, कुणी काठीने मारले. मी पण घमेले घेऊन गेलो होतो. आमच्या अण्णांनी मोठा मासा धरला. आईने तो चिरला तेव्हा पोटात गाभोळी निघाली. गाभोळी मला फार आवडते. पण त्या दिवशी मी चमच्यात थोडी घेऊन दाणे मोजायला बसलो. तीनशे झाले तरी चमचा संपेना! गुरुजींना विचारले तर ते म्हणाले, मोठ्या रोहूच्या पोटात लाखो अंडी असतात.

तेव्हा माझ्या मनात आले, आपण एक मासा नाही खाल्ला, पुढच्या वर्षीचे पुष्कळ मासे खाल्ले. मच्छरदाणीत तर बोटाएवढी पिलेसुद्धा अडकतात.

अण्णा म्हणतात, "वर्षातून एकदा फुकटचे मासे मिळतात. गरिबाने ते पण खायचे नाहीत का?" अण्णांचे म्हणणे मला पटते. पण मामा पण गरीबच आहेत. त्यांचे घर माशांवरच चालते, तरी ते लहान मासा सोडतात. कोकणात पण पावसाळ्यात समुद्रावरची मासेमारी बंद ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात.

श्रावणात आपण मासे खातच नाही. आखाडात घरोघर कोंबडी शिजतेच. म्हणून मला असे वाटते की, मृगाचा पाऊस पडल्यापासून श्रावण संपेपर्यंत चढणीचे मासे कुणी धरू नयेत. मच्छरदाणी झोपताना लावावी, ओढ्याला लावू नये. पुढे मोठे मासे गळाने धरावेत. मग मी पण येईन.

पालकसभेला अण्णा शाळेत येतील तेव्हा हे वाचतील. त्यांनी माझ्यावर रागावू नये. पुढच्या पहिल्या पुराला मी घमेले घेऊन जाणार नाही. मुलांनो, तुम्ही पण जाऊ नका, ही विनंती.

— इयत्ता ४ थी