उचगावचे मोजमाप कोणी घ्यावे?

वास्तुकलेच्या अध्यापकाने संशोधन करावे, ही अपेक्षा रास्तच आहे. वाद आहे तो संशोधन कशास म्हणावयाचे, याविषयी. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या कामास गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीतही प्रसिद्ध निबंधांचे वजन कायम राहिले. मान्य नियतकालिकांची आयोगाने केलेली यादी २०२५ साली रद्द झाली. परंतु निबंधांची संख्या मोजण्याची वृत्ती काही गेली नाही.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेस हे माप कदाचित लागू पडेल. वास्तुकलेची प्रयोगशाळा मात्र गावात आणि रस्त्यावर असते. सर जे. जे. मध्ये १९२३ ते १९४३ या काळात वास्तुकला विभागाचे प्रमुख असलेले क्लॉड बॅटली हे स्वतः व्यवसाय करणारे वास्तुविशारद होते. विद्यार्थ्यांकडून त्यांनी जुन्या भारतीय इमारतींचे मोजमाप घेऊन नकाशे काढविले. ते संशोधन नव्हते, असे कोण म्हणेल?

आता आपल्या जवळचे उचगाव पाहा. २०१७ साली कोल्हापूरभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्यांत हे गाव आहे. एका बाजूस शहर, दुसऱ्या बाजूस महामार्ग, शेजारी गांधीनगरची बाजारपेठ. अशा गावात शेताचे प्लॉट होतात आणि सोपा, माजघर, परडे असलेल्या कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहतात. या स्थित्यंतरात कोणाची सोय झाली, उन्हाळ्यात घरात किती ताप वाढला, पावसाचे पाणी कोठे अडले, हे प्रश्न कोणत्याही परदेशी नियतकालिकास सुचणार नाहीत. ते येथील अध्यापकानेच विचारावयास हवेत. पण वर्षभर गल्लोगल्ली फिरून गावाचा नकाशा काढणाऱ्यापेक्षा चार निबंध छापणारा बढतीस अधिक पात्र ठरत असेल, तर तो फिरेल कशासाठी?

या उपेक्षेची किंमत केवळ अध्यापकास द्यावी लागत नाही. १९१५ साली उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. अशी वास्तू पुन्हा उभारावयाची, तर तिच्या लाकडाची, छताची, ध्वनियोजनेची नोंद किती बारकाईने झालेली आहे, यावर सारे अवलंबून असते. ती नोंद आगीनंतर करता येत नाही.

नकाशांना गुण दिले तर कोणीही रेघोट्या ओढून आणील, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. परंतु सुमार निबंधही छापले जातातच. त्यावरील उपाय परीक्षणाचा आहे. बाहेरच्या दोन जाणकारांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन नकाशा पडताळावा, आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीस व विद्यापीठाच्या ग्रंथालयास द्यावी. जे काम गावकऱ्यास उघडपणे तपासता येते, त्यात लबाडीस वाव कमीच.

शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले, ते या भागाच्या ज्ञानाची गरज या भागातच भागावी म्हणून. त्या हेतूशी इमान राखावयाचे, तर मोजमापाचे नकाशे, वस्त्यांच्या पाहण्या आणि बांधून झालेल्या इमारतींचे परीक्षण यांस निबंधाच्या बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे. उचगावचे उरलेले सोपे पाडले जाण्यापूर्वी हा निर्णय व्हावा.