उद्याचे पाणी कोणाच्या नावावर?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात पोचली. तिच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि हंड्यांच्या रांगांवरून दंगे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. सत्ताधाऱ्यांनी या गाडीचे वर्णन संकटकाळी धावून आलेली मदत असे केले. आमच्या मते ती नियोजनाच्या दिवाळखोरीची उघड कबुली होती. कारण लातूरकर घोटाघोटाने पाणी मोजत होते त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांची धुराडी पेटलेली होती. पाणी नव्हते असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य ठरते. ते कोठे जावे, हे आधीच ठरून गेले होते, आणि ठरवणाऱ्यांत रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांपैकी कोणीही नव्हते.

मराठवाड्याच्या भावी गरजांसाठी आज पुन्हा मोठमोठ्या योजनांची भाषा सुरू आहे. अकरा धरणे नळांनी एकमेकांस जोडण्याच्या ‘वॉटर ग्रिड’ची घोषणा २०१९ साली झाली. पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आणण्याचे आराखडे मांडले जात आहेत. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीला अखंड पाण्याची हमी हवी आहे. या योजना मुळात वाईटच आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु रिकाम्या धरणाला दुसरे रिकामे धरण जोडल्याने पाणी निर्माण होत नाही, आणि वाटपाचा न्याय ठरला नसेल तर नवे पाणीही जुन्याच वाटेने जाते. ही शंका नव्हे, अनुभव आहे. त्या अनुभवाचे नाव जायकवाडी.

जायकवाडीची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ अब्ज घनफूट क्षमतेच्या या जलाशयासाठी शंभराहून अधिक गावांनी आपली घरे आणि गोदाकाठच्या काळ्या जमिनी सोडल्या. त्याच्या कालव्यांनी परभणीपर्यंतची दोन लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजेल असे स्वप्न दाखविले गेले. प्रत्यक्षात धरणाच्या वरच्या अंगाला नाशिक-नगर जिल्ह्यांत साठे वाढत गेले आणि नाथसागर पूर्ण भरण्याची वर्षे विरळ होत गेली. उथळ आणि विस्तीर्ण जलाशयावरून बाष्पीभवन होऊन जाणारे पाणी वेगळेच. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कागदावरचे सिंचन तेवढे आले. पैठणपासून पन्नास किलोमीटरवर असलेल्या छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली. २०२० साली १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. पण जलवाहिनीची लांबी-रुंदी ठरविणाऱ्यांनी शहरातील झोपडवस्तीला आणि नव्या कारखान्यांना त्या पाण्यातून किती मिळणार, याची चर्चा किती वेळा केली?

कायदा नव्हता म्हणून हे घडले असेही म्हणता येणार नाही. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ सालचा आहे. एकाच खोऱ्यातील धरणांमध्ये तुटीच्या वर्षी पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. राज्याचा एकात्मिक जल आराखडा तयार करण्यासाठी त्याने मुदतही घालून दिली होती. प्रत्यक्षात हा आराखडा मंजूर करावयाच्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक २०१५ साली झाली, तीही प्रकरण उच्च न्यायालयात गेल्यानंतर! जवळजवळ दहा वर्षे आराखड्याविना प्रकल्पांना मंजुऱ्या मिळत राहिल्या. ज्या शासनाला स्वतःच्या कायद्याने सांगितलेला हिशेब मांडावासा वाटत नाही, त्याला हिशेबाची भीती वाटते असाच त्याचा अर्थ होतो.

अग्रक्रमाची कथाही अशीच आहे. २००३ सालच्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला स्थान दिले आणि शेतीला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. शेतकऱ्यांच्या रोषानंतर २०११ साली हा क्रम बदलण्यात आला. पण मधल्या काळात सिंचनाचे बरेचसे पाणी शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळविले गेले होते. २०१६ च्या दुष्काळात मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी कमी करण्यासाठी न्यायालयाला हुकूम द्यावा लागला, यावरून शासनाचा खरा अग्रक्रम कोणता होता ते समजावे.

मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे २०१४ साली प्राधिकरणाने ठरविले की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०२३ साली सुमारे साडेआठ अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा नाशिक-नगरमध्ये विरोधाची आंदोलने झाली आणि मराठवाड्यात पाण्यासाठी मोर्चे निघाले. आता ही मर्यादाच खाली आणण्याची शिफारस झाली आहे.

येथे आम्हाला आमच्याच कार्यकर्त्यांशी स्पष्ट बोलले पाहिजे. आमचे वाचक गोदावरीच्या वरच्या अंगालाही आहेत आणि खालच्या अंगालाही. दोन्हीकडे काही सहकारी आपापल्या जिल्ह्याच्या झेंड्याखाली उभे राहिलेले दिसले, याचा आम्हाला खेद वाटतो. निफाडचा दोन एकरवाला आणि गेवराईचा कोरडवाहू शेतकरी यांच्यात पाण्यासाठी वैर लावणे सत्ताधाऱ्यांना सोयीचे आहे. कारण त्या भांडणात दोन्हीकडचा बागायती धनदांडगा सुरक्षित राहतो. राज्याच्या पीकक्षेत्रात जेमतेम चार टक्के असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे ७० टक्के वाटा घेतो, हे कृषिमूल्य आयोगाने नोंदविले आहे. ही विषमता नाशिक विरुद्ध बीड अशी नाही. ती प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक कालव्यावर आहे.

ऊस लावणारा छोटा शेतकरी गुन्हेगार आहे असेही आम्ही मानत नाही. ज्या एका पिकाला भावाची आणि खरेदीची खात्री आहे, तेच पीक तो घेणार. ज्वारी, तूर, करडई यांना हमीभावाने खरेदीची तशीच खात्री द्या, मग पिकांची रचना बदलण्याचा उपदेश करा. त्याविना ठिबकाची सक्ती जाहीर करणे म्हणजे कारखानदाराला अभय आणि कास्तकाराला दंड.

पर्याय नाही असे म्हणणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यात जावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, कुटुंबातील माणसांवर ठरला. माणशी अर्धा एकर, कुटुंबास अडीच एकरांची मर्यादा, उसाला बंदी आणि भूमिहीनालाही वाटा, असे त्याचे नियम होते. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नव्हता. हिवरे बाजारने दरवर्षी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून, शेतीसाठी कूपनलिका बंद करून टँकरपासून मुक्ती मिळविली. हे प्रयोग लहान आहेत, हे खरे. मोठ्या धरणांवर ते तसेच्या तसे लागू होणार नाहीत, हेही खरे. परंतु नियोजनाची सुरुवात घनफुटांपासून न करता माणसांपासून करता येते, एवढे त्यांनी सिद्ध केले आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कोणतीही नवी जलवाहिनी वा नदीजोड योजना मंजूर होण्यापूर्वी त्या पाण्याचे वाटप कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने होणार हे जाहीर व्हावे. प्रत्येक माणसाचे पिण्याचे आणि उपजीविकेचे पाणी आधी राखून ठेवावे; उरलेल्यावर नगदी पीक आणि उद्योग यांचा विचार व्हावा. उद्योगांनी वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे बंधनकारक असावे. जायकवाडीच्या ६५ टक्क्यांच्या मर्यादेला हात लावण्याआधी वरच्या व खालच्या दोन्ही अंगांच्या लाभधारकांची, भूमिहीनांसह, सुनावणी व्हावी.

या मागण्या मंत्रालयात निवेदन देऊन पुऱ्या होणार नाहीत. येत्या पावसाळ्यानंतर प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी किमान एका गावात ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडावा. पाऊस किती पडला, साठला किती, उपसला कोणी आणि रिकामा हंडा कोणाचा राहिला, हे फळ्यावर लिहावे. नाशिकच्या आणि बीडच्या कार्यकर्त्यांनी हे ताळेबंद घेऊन एकाच व्यासपीठावर यावे. आकडे शेजारी शेजारी ठेवले की भांडण दोन जिल्ह्यांचे नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याचा हिशेब ज्याच्या हातात, त्याच्याच नावावर उद्याचे पाणी लिहिले जाईल. तो हिशेब आता लोकांनी आपल्या हाती घेतला पाहिजे.