थंडीची बेगमी

मृगापूर्वी घर शाकारणे, जळण व चारा कोरडा राहील अशी व्यवस्था करणे ही आपल्या खेड्यांतील जुनी रीत आहे. पावसाची बेगमी न करणाऱ्या कुटुंबाला गाव नावे ठेवते. थंडीच्या बाबतीत मात्र तेच गाव बेफिकीर राहते. मार्गशीर्ष-पौषात उत्तरेचे कोरडे वारे सुटून पारा एकाएकी उतरला, म्हणजे मग गोणपाटाची व लाकडांची शोधाशोध सुरू होते. ही सवय मोडली पाहिजे.

थंडीची लाट ही केवळ उत्तर भारताची आपत्ती आहे, हा समज बरोबर नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे कित्येक हिवाळ्यांत पारा ५ अंश सेल्सियसच्या खाली गेला आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून कमी झाले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा अधिक उतरले, तर हवामान खाते त्यास थंडीची लाट म्हणते. अशी लाट आली, की द्राक्षबागेची चिंता सर्वांना लागते, आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच बागेच्या बांधावर पालात झोपणाऱ्या मजुराच्या मुलाची चिंता तितक्याच तत्परतेने वाहिली जाते काय, याचा विचार गावाने करावयास हवा.

यास पैसा कोठून आणावा, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. वस्तुतः बरेचसे साहित्य शेतातच असते. थंड जमीन अंगातील ऊब ओढून घेते. म्हणून अंगावर दुसरे पांघरूण घेण्याआधी अंगाखाली पेंढ्याचा किंवा कोरड्या पाचटाचा जाड थर व त्यावर गोधडी असणे अधिक अगत्याचे आहे. जे पाचट फडात पेटवून दिले जाते, तेच ऊसतोड कामगारांच्या कोपीत अंथरुणाच्या कामी येते. मात्र कोपीत विस्तव नसावा. चूल बाहेर, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस असावी.

सर्वांत घातक चूक शेगडीची होय. दारे-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू साठतो. त्यास रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. शेकणे झाले, की शेगडी बाहेर काढूनच निजावे. मद्याने ऊब येते हीही भ्रामक समजूत आहे. मद्याने कातडीकडे रक्त वाढते, क्षणभर गरम वाटते आणि शरीरातील उष्णता मात्र अधिकच निघून जाते.

गोठ्यास वाऱ्याच्या बाजूने तट्टे वा गोणपाट बांधावे, पण वरचा झरोका उघडा ठेवावा. जनावरास थंडीत कडबा थोडा अधिक द्यावा, कारण तो पचतानाच पोटात उष्णता निर्माण होते. नवजात वासरू पुसून कोरडे करावे व त्यास विनाविलंब चीक पाजावा. कोंबडीच्या पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते.

जेथे वीज रात्रीच मिळते, तेथे शेतकरी पहाटेच्या गारठ्यात ओल्या पायांनी दारे मोडीत असतो. हलके ओलित दिल्याने पिकाचे थंडीपासून रक्षण होते हे खरे. परंतु पीक वाचविणाऱ्याने कोरडे कपडे व सोबती घेतल्याविना रात्री रानात जाऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वीच एक यादी करावी: एकटे राहणारे वृद्ध, बाळंतिणी, तान्ही मुले व बाहेरून आलेली मजूर कुटुंबे. शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली रात्री निवाऱ्यासाठी उघडी राहील, अशी व्यवस्था ग्रामपंचायतीने करावी. द्राक्षाचा घड वाचविण्यासाठी जे गाव रात्रभर जागते, त्यास माणसासाठी ही एवढी तजवीज करणे जड जाऊ नये.